रोख्याची (बॉण्डची) किंमत पडली की यील्ड (वर्षाला पडणारा परतावा) वाढतं. पण ते वाढलेलं यील्ड हातात येतं का?

सांखळीकर
नमस्कार मंडळी. बाबा शाळेतून निवृत्त झालेत. त्यांच्या सहा लाखांच्या ठेवीची मुदत चवथीच्या आधी भरते. एका ओळखीच्या माणसाने त्यांना ॲपवर एका खाजगी कंपनीचा रोखा दाखवला. दर्शनी किंमत १,००० रुपये, व्याज म्हणजे कूपन ९.७५ टक्के, मुदत संपायला दोन वर्षं, मानांकन (परतफेडीच्या भरवशाचा दर्जा) बीबीबी. आज तो ९५५ रुपयांना मिळतोय आणि खाली ठळक अक्षरांत 'यील्ड १२.४ टक्के' असं लिहिलंय.

बाबांचं म्हणणं, चांगला माल स्वस्तात मिळतोय, घेऊया. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. कंपनी ९.७५ देते, मग १२.४ आले कुठून? आणि दुसरं म्हणजे, २०२२ मध्ये बाबांच्या गिल्ट फंडाची किंमत उतरली होती. त्यात तर फक्त सरकारी रोखे होते. सरकार काही पैसे बुडवत नाही, मग तो का पडला?

आकडेमोड
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रोख्यावर छापलेले आकडे बदलत नाहीत. वर्षाला ९७.५० रुपये व्याज आणि दोन वर्षांनी १,००० मुद्दल. तुम्ही ते ९५५ ला विकत घेतले, म्हणजे व्याजाशिवाय शेवटी ४५ रुपये वर मिळणार. ते ४५ आणि दोन वेळचं व्याज मिळून ९५५ वर वर्षाला किती टक्के पडतात, याचा हिशेब केला की साधारण १२.४ येतात. कंपनी एक पैसाही जास्त देत नाही. तुम्ही कमी दिलेत म्हणून टक्का वाढला.

सुशेगाद
म्हणजे किंमत आधी पडते आणि यील्ड मागून वाढतं? की उलट?

आकडेमोड
आधी-मागून काही नाही. एकाच सौद्याची ती दोन नावं. बाजारात जुना रोखा बहुतेक किमतीवर विकला जातो आणि त्यावरून यील्ड काढतात. रिझर्व्ह बँकेच्या लिलावात नवा रोखा येतो तेव्हा बोली यील्डची लागते आणि त्यावरून कूपन ठरतं. एक आकडा कळला की दुसरा कागदावर काढता येतो.

निवृत्त_बँकवाला
सांखळीकरबाब, मी मडगावला बँकेत तीस वर्षं काढली. हाच प्रश्न गिऱ्हाइकांनी इतक्यांदा विचारला की मी त्यासाठी एक गाळा कायमचा ठेवून दिला होता. समजा, म्हापशात तुमचा एक गाळा आहे. करार लांबचा, भाडं वर्षाला ६०,००० ठरलेलं. ठेवींवर सहा टक्के मिळत होते तेव्हा लोक त्या गाळ्याला दहा लाख द्यायला तयार होते. उद्या ठेवींवर साडेसात टक्के मिळू लागले तर ६०,००० साठी दहा लाख कोण देईल? तो आठ लाख म्हणेल. भाडेकरू तोच, भाडं तेच, एक महिनाही चुकलेला नाही, आणि गाळ्याची किंमत दोन लाखांनी खाली. तुमच्या बाबांच्या गिल्ट फंडाचं २०२२ मध्ये हेच झालं.

आता दुसरी बाजू. ठेवीचा दर सहाच आहे, पण भाडेकरूचं दुकान चालेनासं झालंय, शटर आठवड्यातून चार दिवस बंद. गाळा पाहायला आलेला माणूस तेव्हाही आठच लाख म्हणेल. किंमत दोन्ही वेळा तेवढीच पडली, टक्काही तेवढाच वाढला. कारणं मात्र एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

कुळागर
बँकवाले काका, गाळा कायम राहतो, रोख्याला शेवट असतो. मुदत संपली की पूर्ण मुद्दल परत मिळायचं असतं, म्हणून रोखा गाळ्याएवढा पडत नाही. मी हिशेब करून पाहिला (वर्षातून एकदा व्याज धरून). सहा टक्के कूपनचा १०० रुपयांचा सरकारी रोखा घ्या आणि बाजारातला दर साडेसातवर न्या. मुदत एक वर्ष उरली असेल तर किंमत ९८.६० होते. दहा वर्षं असतील तर ८९.७०. तीस वर्षं असतील तर ८२.२८. जितका शेवट लांब, तितका तुमच्या गाळ्याच्या जवळ.

२०२२ च्या सुरुवातीला दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड साडेसहाच्या आसपास होतं. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ४.४० टक्के केला आणि जूनपर्यंत ते यील्ड साडेसातच्या वर पोचलं. गिल्ट फंडात लांब मुदतीचे रोखे असतात, म्हणून घसरण डोळ्यांत भरली. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर एक टक्क्याने खाली आला तेव्हा तेच गणित उलट दिशेने चाललं.

निवृत्त_बँकवाला
बरोबर आहे, मान्य. गाळ्याचं उदाहरण तिथे तोकडं पडतं. तुमचे तीन आकडे मी वहीत लिहून घेतले.

सुशेगाद
मग एवढा विचार कशाला? मुदत संपेपर्यंत धरून ठेवा, मधल्या किमतीकडे बघूच नका.

म्हापशेकर
सुशेगाद, हे वाक्य मी स्वतःला दोन वर्षं सांगत होतो. एका वित्त कंपनीचे रोखे होते माझ्याकडे, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले. मानांकन उत्तम. किंमत हजारवरून ९४० झाली, मग ८८०. विकायला सांगणाऱ्याला मी म्हटलं, मला कुठे विकायचेत, मुदतीला हजार मिळणारच आहेत. मग एक व्याज चुकलं. मग पत्र आलं. त्यानंतर बाजारात घेणारा कोणी उरलाच नाही. प्रकरण मिटायला काही वर्षं लागली आणि हातात आले ते हजारातले तीनशेच्या आत. मुलीची पहिली दोन वर्षं कर्ज काढून भागवली.

सरकारी रोखा असेल तर धरून ठेवण्यात अर्थ आहे, तिथे शेवटचे शंभर नक्की येतात. माझ्या बाबतीत त्या शेवटच्या हजाराबद्दलच शंका होती आणि किंमत मला तेच सांगत होती. मी ऐकलं नाही. म्हणून एवढं लिहिलं.

फोंड्याची_लेक
म्हापशेकरदादा, वाचून वाईट वाटलं. मुलगी आता कशी आहे?

म्हापशेकर
बरी आहे, बाय. पुण्यात नोकरीला लागली. कर्जही तिनेच फेडून टाकलं.

कुळागर
सुशेगाद, सरकारी रोखा धरून ठेवला तरी एक नुकसान होतंच, फक्त दिसत नाही. सहा टक्क्यांत अडकलात आणि बाहेर साडेसात मिळतायत, तर तो दीड टक्का दर वर्षी हातचा जातो. किंमत पडली म्हणजे ती सगळी वर्षं एकदम आज मोजून दाखवली. आणि मधेच पैशांची गरज पडली तर आज जी किंमत असेल त्यालाच विकावं लागतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती अशीच. तिच्याकडचे बरेचसे रोखे अमेरिकी सरकारचे किंवा सरकारच्या आधाराचे होते, बुडणारे नव्हते. पण लांब मुदतीचे. ठेवीदार पैसे मागायला आले आणि पडलेल्या किमतीला विकायची वेळ आली.

फोंड्याची_लेक
मला तुमचे आकडे अर्धेच कळतात, पण आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती रोज सकाळी मासळी बाजारात जाणारी. तिने विचारलं, "बांगडा स्वस्त आहे तर का स्वस्त आहे?" ट्रॉलर भरून आले असतील तर सगळ्याच पाट्यांवर भाव उतरलेला असतो. तो बांगडा खुशाल घ्यावा. पण सगळीकडे वाटा दोनशेला आणि एकटीच बाई सव्वाशेला देतेय, तर आधी कल्ले उघडून बघायचे. लाल आहेत की नाही.

मला वाटतं सांखळीकरांच्या दोन प्रश्नांची ही दोन उत्तरं आहेत. गिल्ट फंड पडला तेव्हा बाजारातले सगळेच बांगडे उतरले होते. बाबांचा रोखा एकटाच सव्वाशेला आहे.

निवृत्त_बँकवाला
आईंना माझा नमस्कार सांगा. माझा गाळा आजपासून बंद, यापुढे मी बांगडाच सांगणार.

माडाखालचा
सव्वाशेला वाटा कुठे मिळतो ते आधी सांगा! जून-जुलैच्या बंदीत आम्ही खाऱ्यावर दिवस काढले.

फोंड्याची_लेक
उदाहरण होतं हो ते. ६१ दिवसांच्या बंदीत आईसुद्धा सुकी सुंगटंच आणते.

आकडेमोड
आईंचा प्रश्न आकड्यांतही विचारता येतो. कोणत्याही रोख्याचं यील्ड घ्या आणि त्यातून तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचं यील्ड वजा करा. जे वजा झालं तो सगळ्या बाजाराचा भाव. जे उरलं ते या एका कंपनीसाठी मागितलेलं जास्तीचं.

ते जास्तीचं किती असावं? छोटं उदाहरण घेतो. एक वर्षाचा रोखा, १,००० मुद्दल, ९ टक्के व्याज. वर्षाअखेर १,०९० यायचे. समजा अशा शंभर कंपन्यांपैकी पाच बुडतात आणि बुडालेल्यांकडून ४०० रुपये सुटतात. म्हणजे सरासरी हातात येणार ९५ टक्के वेळा १,०९० आणि ५ टक्के वेळा ४००. एकूण १,०५५.५०. मला निर्धोक ठिकाणी ७ टक्के मिळत असतील तर आज मी याचे फार तर ९८६ रुपये देईन. आता ९८६ ला घेतलेल्या या रोख्याचं यील्ड काढा, साडेदहा टक्के येतं. ॲपवर साडेदहा दिसणार. माझ्या पदरात सरासरी सातच पडणार. वरचे साडेतीन त्या पाच कंपन्यांनी आधीच खाल्लेले आहेत.

ॲपवरचा आकडा सगळे हप्ते वेळेवर आले असं धरून काढतात. ते गृहीत धरलेलं खरं ठरलं तरच तो तुमचा.

सांखळीकर
हे वाक्य मी आज तीन वेळा वाचलं. मग बाबांच्या १२.४ मध्ये किती बुडणं धरलंय?

आकडेमोड
दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड सहाच्या आसपास धरलं तर उरतात ६.४. बुडाल्यावर चाळीस टक्के सुटतील असं धरलं, म्हणजे नुकसान साठ टक्क्यांचं. ६.४ ला ०.६ ने भागा. दर वर्षी दहात एक, किंचित जास्तच. हा वरचा अंदाज आहे. ते ६.४ सगळेच बुडण्याच्या भीतीचे नसतात, काही भाग असा रोखा मधेच विकायला गिऱ्हाईक मिळत नाही त्याचाही असतो. पण बाजार या कंपनीकडे कशा नजरेने बघतोय त्याचा अंदाज येतो.

कुळागर
गिऱ्हाईक न मिळण्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. गोवा सरकारही रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून स्वतःचे कर्जरोखे विकतं, दहा वर्षांचे वगैरे. केंद्राच्या रोख्यापेक्षा त्यावर थोडं जास्त यील्ड मिळतं. आजवर कुठल्याही राज्याने हे रोखे बुडवलेले नाहीत. पण केंद्राचा रोखा दिवसभर हातोहात विकला जातो आणि राज्याचा घेतला की बहुतेक जण तो धरूनच बसतात. जास्तीचं यील्ड बरंचसं त्या अडकून पडण्याचं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट संकेतस्थळावर आपल्यासारखेही ते घेऊ शकतात.

सुशेगाद
पण मानांकन असतं ना? बीबीबी म्हणजे नापास नाही. एवढी हुशार माणसं कागद तपासून अक्षरं देतात.

निवृत्त_बँकवाला
बीबीबी म्हणजे गुंतवणुकीयोग्य मानलेल्या इयत्तांतली शेवटची. एक पायरी घसरली की अनेक फंडांना आणि विमा कंपन्यांना तो कागद ठेवता येत नाही, आणि मग सगळे एकदम विकायला निघतात.

आणि मानांकनाचं म्हणाल तर २०१८ आठवा. आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या समूहावर सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज होतं. ऑगस्टपर्यंत मूळ कंपनीला सर्वांत वरचं मानांकन आणि सप्टेंबरमध्ये तेच 'डी' वर, म्हणजे थकलेलं. त्याच सप्टेंबरच्या २१ तारखेला बाजारात कळलं की एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या घरकर्ज कंपनीचे अल्पमुदतीचे कागद ११ टक्के यील्डने विकून टाकले. अशा वरच्या मानांकनाच्या कंपनीचा कागद इतक्या स्वस्तात का गेला, या एका प्रश्नाने त्या दिवशी तिचा शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. कंपनी म्हणत होती आम्ही ठीक आहोत. जून २०१९ मध्ये तिचे हप्ते चुकले. किंमत नऊ महिने आधी बोलली होती.

कुळागर
काका, इथे मला थोडं वेगळं म्हणायचंय. किंमत आधी 'बोलली' की किमतीनेच बुडवलं? जुन्या रोख्याचं यील्ड वाढलं तरी कंपनीला जुन्यावर जास्त व्याज द्यावं लागत नाही, हे वर आलंच आहे. पण या वित्त कंपन्या जुनं कर्ज नवं कर्ज काढून फेडतात. जुना कागद बाजारात ११ ने मिळत असेल तर नवा ९ ने कोण घेणार? मग नवं कर्ज महाग होतं किंवा मिळतच नाही, आणि कालपर्यंत तग धरू शकली असती ती कंपनी आज हप्ता चुकवते. भीतीने यील्ड वाढतं आणि वाढलेल्या यील्डने भीती खरी होते.

निवृत्त_बँकवाला
त्या कंपनीच्या ताळेबंदात पुढे जे सापडलं ते पाहता ती तग धरू शकली असती असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही सांगता ती साखळी खरी आहे. चांगल्या कंपन्याही त्या हिवाळ्यात तिच्यामुळे होरपळल्या.

पावणेकार
उशिरा आलो, धागा वाचून काढला. एक भर घालतो. खूप जास्त यील्ड दिसलं की ते वाचायचंच सोडून द्यावं आणि फक्त रुपयांत किंमत बघावी. एक वर्ष उरलेला, ९ टक्क्यांचा १०० रुपयांचा रोखा ४० रुपयांवर आला तर कागदावर यील्ड १७० टक्क्यांच्या वर येतं. ते कोणालाच मिळणार नसतं. घेणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो की दिवाळखोरीत ४० पेक्षा जास्त सुटतील का. ग्रीसच्या दहा वर्षांच्या रोख्यांचं यील्ड २०१२ मध्ये तीस टक्क्यांच्या वर होतं. त्याच मार्चमध्ये खाजगी रोखेधारकांनी दर्शनी किमतीतले ५३.५ टक्के सोडून दिले.

देवळातल्या पावणीत (लिलावात) आपण नारळाची बोली हजारावर नेतो तेव्हा तिथे भक्ती असते. इथे बोली खाली आली तर खाली का आली ते विचारायलाच हवं.

माशेलची_बाय
सगळे कंपनीत अडकलात, मूळ प्रश्न बाबांचा होता. सांखळीकर, बाबा साठीच्या पुढचे आहेत ना? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे पैसे आधी आहेत का? तिथे ८.२ टक्के आहेत, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांची मुदत, व्याज दर तिमाहीला, मागे केंद्र सरकार. तुम्ही १२.४ ची तुलना सहाशी करताय. बाबांना ती ८.२ शी करायला हवी. मग जास्तीचे उरतात ४.२.

सहा लाखांवर ४.२ म्हणजे वर्षाला २५,२००, दोन वर्षांत पन्नास हजार. आणि रोखा बुडाला तर आकडेमोड म्हणतात तसे चाळीस टक्के सुटले तरी साडेतीन लाखांवर गेले, शिवाय दोन वर्षांचं व्याज. दोन वर्षांत बुडण्याची शक्यता दहात एक जरी असली तरी हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. फंडवाले असे शंभर कागद घेतात, त्यांना सरासरी मिळते. बाबांकडे एकच कागद असणार. त्यांना सरासरी मिळणारच नाही, एक तर १२.४ किंवा म्हापशेकरदादांसारखं.

आकडेमोड
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे.

सुशेगाद
मीही माझं 'बघूच नका' मागे घेतो. म्हापशेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सांखळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. आकड्यांना ते मान हलवत होते, बांगड्याला हसले आणि म्हापशेकरांच्या पोस्टनंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, त्या कंपनीचे कागद काढ बघू.

काढले. रोख्यामागे तारण आहे, पण त्याच तारणावर आणखी दोन कर्जं आहेत. दोन वर्षांनी ज्या तिमाहीत बाबांचा रोखा फेडायचाय, त्याच तिमाहीत कंपनीला वर्षभराच्या नफ्याच्या कितीतरी पट रक्कम द्यायची आहे. म्हणजे तेव्हा नवं कर्ज मिळालं तरच आमचे हजार. कुळागर, तुम्ही सांगितलेली साखळी आम्हाला तिथे दिसली.

माशेलच्या ताई, बाबांचे त्या योजनेत फक्त चार लाख आहेत, अजून पुष्कळ जागा आहे. सोमवारी पोस्टात जातोय. बाबा विचारतात, नव्या पैशांसाठी वेगळं खातं काढायचं की आहे त्यातच भरता येतात?

माशेलची_बाय
वेगळं खातं काढायचं, जुन्यात भर घालता येत नाही. दोन्ही मिळून तीस लाखांची मर्यादा. पॅन, आधार आणि दोन फोटो घेऊन जा, आणि वारसाचं नाव त्याच दिवशी घालून या.